पान्ह्याचा इतिहास



"इतिहासाच्या व्याख्यानात बाळंतिणीचा विषय कशाला?" असे मला इथे येण्यापूर्वी दोघातिघांनी विचारले. विचारणारे सगळे पुरुष होते, हे सांगायला नकोच. इतिहास म्हटला की आम्हा गेवराईकरांच्या डोळ्यांपुढे राक्षसभुवन उभे राहते. 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांच्या फौजेने निजामाच्या फौजेला गोदाकाठी गाठले, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला, आणि ही लढाई आपल्या तालुक्यात झाली याचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाच. पण त्याच पावसाळ्यात, त्याच काठावर, फौजांच्या दाण्यावैरणीसाठी लुटल्या जाणाऱ्या खेड्यांतून किती बाया बाळंत झाल्या, त्यांच्या लेकरांना कुणी काय पाजले आणि त्यांतली किती जगली, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडायची? आपण आज इथे बसलो आहोत ते त्या लढाईमुळे की त्या पाजण्यामुळे, हे ज्याचे त्याने ठरवावे. विषयाचे समर्थन एवढे पुरे.

माझे म्हणणे काय आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचे असेल त्यांची सोय होईल. दूध आईचे असते ही गोष्ट खरी. परंतु ते बाळाच्या तोंडी पडायला वेळ लागतो, आणि तो वेळ आईच्या स्वतःच्या हातात फार क्वचित राहिलेला आहे. तो कधी सासूच्या हातात होता, कधी गिरणीच्या भोंग्याच्या, कधी मुकादमाच्या. आईच्या दुधाचा इतिहास म्हणजे बहुतांशी हा वेळ कुणी हिरावला आणि कुणी परत मिळवून दिला याचा इतिहास आहे.

आपल्या राज्यात एस.टी.च्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी लावलेली खोली आपण पाहिली असेल. प्रवासातल्या आईला आडोशाला बसून मुलाला पाजता यावे, यासाठी ती खोली. नाव फार समर्पक निवडले आहे. हिरकणीची आख्यायिका आपणांस ठाऊकच आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली ही बाई. कोजागिरीच्या दिवशी तिला परतायला उशीर झाला, सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकरी काही केल्या उघडीनात, आणि घरी तान्हे मूल. तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला, अशी कथा सांगतात. तो बुरूज आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

मला लहानपणापासून या कथेत एक गोष्ट खटकत आली आहे. ती आख्यायिका असल्यामुळे कुणावर टीका केल्यासारखे होणार नाही, म्हणून बोलतो. बाईने वाट शोधली, तर त्या वाटेवर बुरूज आला! गडाच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण दुसऱ्या दिवशी जर दुसऱ्या कुणा गवळणीला उशीर झाला असता, तर तिला दरवाजाही बंद आणि कडाही बंद. आईच्या धाडसाचे कौतुक करणे आपल्याला फार सोपे जाते. दरवाजा अर्धा तास उशिरा लावावा, हे मात्र कुणाला सुचत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात हा दरवाजा पुन्हापुन्हा येणार आहे.

प्रथम घरातले पाहू. जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांतून स्तन्याचा विचार बारकाईने केलेला आहे. चरकाने आणि सुश्रुताने धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, कशी असावी याची लक्षणे दिली आहेत. काश्यपसंहिता तर बालकांच्या आरोग्याचाच ग्रंथ. मात्र सुश्रुतात एक मत असे आहे की बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध उतरते, तोवर बाळाला मध आणि तूप चाटवावे. हे मत कोणत्या वाटेने खेड्यापाड्यांत पोचले कोण जाणे. पण पोचले खरे. आमच्या भागात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत पहिले तीन दिवस बाळाला अंगावर घेत नसत. गुळाचे पाणी, मध, एरंडेलाचे बोट, नाहीतर दुसऱ्या बाळंतिणीचे दूध, असे काहीतरी चालायचे. आणि आईच्या अंगचा जो पिवळसर घट्ट चीक तो पिळून टाकून द्यायचा. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटून खाणारी माणसे आपण! गाईचा चीक औषधी आणि घरच्या लेकीचा चीक नासका, ही समजूत किती काळ टिकली असेल याचा विचार केला म्हणजे थक्क व्हायला होते. त्या चिकातच बाळाला रोगांपासून राखणारी द्रव्ये सर्वांत दाट असतात, ही गोष्ट विज्ञानाने सिद्ध केलेली आहे. जन्मल्यापासून तासाभरात बाळ आईच्या अंगाला लावावे, पहिले सहा महिने पाणीसुद्धा पाजू नये, सहा महिन्यांनंतर वरचे मऊ अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण जुन्या रीतीला नुसती नावे ठेवून चालायचे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाज सोडायची नाही, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, अंग रगडायला सुईण: या सगळ्याचा आरोग्यदृष्ट्या हिशोब मांडला तर काही खाते जमेचे, काही नावेचे निघेल. शेगडीचा धूर नावेला; खाणेपिणे जमेला. सर्वांत मोठी जमा ही की त्या सव्वा महिन्यात बाईला कुणी "ऊठ, पाणी आण" असे म्हणत नसे. सोवेराचे निमित्त असो की सटवाईच्या भीतीचे, तिला मूल आणि मूल एवढेच काम होते. रूढीच्या पोटात विश्रांती लपलेली होती. अर्थात ही चैन ज्याच्या घरात दाणे असत त्याच्या लेकीची. रोजावर जाणारी बाई पूर्वीही दहा-बारा दिवसांत कामाला लागे.

जनावरांच्या बाबतीत जे ज्ञान आपल्या शेतकऱ्याला अंगवळणी पडलेले आहे ते घरात का चालत नाही, हे मला आजवर कळलेले नाही. म्हैस पान्हा चोरते, हे आपण सगळे जाणतो. नवा माणूस धारेला बसला, कुत्रे भुंकले, कुणी काठी उगारली, की तिचे दूध सडात येत नाही. म्हणून शहाणा माणूस पान्हवायला आधी रेडकू लावतो, पाठीवरून हात फिरवतो, ओळखीच्या माणसालाच धारेला बसवतो. बाईच्या शरीराचा नियम याहून वेगळा नाही. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते, आणि तयार झालेले दूध उतरायला मन स्वस्थ लागते. भीती, दुखणे, अपमान यांनी ते अडते. आणि आपण काय करतो? बाळ रडले की चारचौघींत म्हणतो, "हिला दूधच नाही." ती बिचारी घाबरते, दूध आणखी अडते, मग बोंडल्याने वरचे दूध सुरू होते, पोट भरलेले बाळ अंगावर ओढत नाही, न ओढल्यामुळे दूध खरेच आटते, आणि सासूबाई म्हणतात, "मी म्हटलेच होते." असा हा खटला आरोपीनेच पुरावा तयार करून दिल्यासारखा सिद्ध होतो. घरातल्या माणसाने त्याऐवजी पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवला, थोरले पोर बाहेर नेले आणि तोंड बंद ठेवले, तर बहुतेक ठिकाणी काम भागते. यात पुरुषाला करण्यासारखे पुष्कळ आहे. तोंड बंद ठेवणे हे तर निश्चितच.

आता घरातून बाहेर पडू. ज्या मराठी बाया घर सोडून मजुरीला गेल्या त्यांचे काय झाले, हे पाहायला शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईला जावे लागेल. कोकणातून आणि देशावरून गेलेली कुटुंबे गिरणगावात एकेका खोलीत राहत. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भके वर्षाच्या आत दगावली. नोंदणीच्या दोषांमुळे हा आकडा फुगलेला होता असे जाणकार म्हणतात. पण निम्मा केला तरी काळजाचा ठोका चुकावा असाच तो आहे. त्याच सुमारास गिरणीतल्या स्त्री-कामगारांची पाहणी करण्यासाठी सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना नेमले. त्यांना असे आढळले की कामावर जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच आया मुलांना अफू घालतात. 'बाळागोळी' या नावाने ती मिळत असे. आई पहाटे भोंग्याला जायची, ती परत येईपर्यंत मूल रडू नये, शेजारणीला त्रास होऊ नये, म्हणून गोळी. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, ओढत नाही, आणि हळूहळू वाळत जाते. त्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नव्हत्या. गडाचा दरवाजा बंद होता, आणि उतरायला कडादेखील नव्हता.

हा दरवाजा उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईच्या कायदेमंडळात झाला. बाळंतपणाच्या वेळी गिरणीकामगार स्त्रीला भरपगारी विश्रांती मिळावी, अशा विधेयकावर जुलै 1928 मध्ये चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी कौन्सिलचे सभासद होते. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्याने तो बोजा काही अंशी तरी उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. आपल्या देशातला अशा प्रकारचा तो पहिला. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने मोठ्या कारखान्यांतून पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक केले, 1961 साली सबंध देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा आला, आणि 2017 साली रजेची मुदत 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. आपण मात्र हे लक्षात ठेवले पाहिजे की 1929 साली गेवराई मुंबई इलाख्यात नव्हती. आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आणि कायदा सबंध देशाचा झाल्यावरही तो हजेरीपटावर नाव असलेल्या बाईचा कायदा राहिला. आपल्या तालुक्यातल्या किती बायांचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे?

मध्यंतरी दुधाचे डबे आले. डब्यातल्या दुधाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. आई दगावली, मूल सापडले, अशा प्रसंगी त्याचा उपयोग आहे, आणि म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळदूध करण्याची रीत शोधून काढली हे आपल्या शास्त्रज्ञांचे मोठे यश होते. घात केला तो जाहिरातीने. गुटगुटीत बाळाचे चित्र पाहून गरिबाने डबा आणायचा, तो आठ दिवसांऐवजी महिनाभर पुरवायला पाणी वाढवायचे, पाणी नदीचे, बाटली उकळायला सरपण नाही. पुढचे सांगायला नको. जगभर याविरुद्ध ओरड झाली आणि मे 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीला आळा घालणारी संहिता 118 विरुद्ध 1 मतांनी संमत केली. विरुद्ध मत अमेरिकेचे होते. आपल्याकडे 3 डिसेंबर 1991 रोजी वर्ध्याला स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. 1992 साली बाळदूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा कायदा संसदेने केला, आणि तो 1 ऑगस्ट 1993 पासून अमलात आला. याच काळात मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी एक निराळेच काम उभे केले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, आईचे दूध मिळू न शकणाऱ्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचे जास्तीचे दूध जमवून, ते तापवून निर्जंतुक करून ठेवणारी दुग्धपेढी त्यांनी नोव्हेंबर 1989 मध्ये सुरू केली. आशिया खंडातली ही पहिली. आमच्या आज्यापणज्यांना हे ऐकून नवल वाटले नसते. आई आजारी पडली तर शेजारीण पाजायची आणि ती दोन मुले जन्मभर दूधभावंडे म्हणवायची. तीच माणुसकी, फक्त बर्फाच्या कपाटात ठेवलेली.

आता मी आपल्या घराजवळ येतो. 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला असे लोक या सभेत आहेत. नाल्याच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, बाभळीला लुगड्याची झोळी बांधून निजवलेली पोरे, परदेशी मिलोची भाकरी आणि मुठीमुठीने वाटलेली सुकडी. त्यांना मी काय सांगणार! त्याच काळात बीडच्या पलीकडे, पाटोदा ओलांडला की लागणाऱ्या जामखेडला, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले होते. दोघे वेल्लोरला वैद्यक शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. 1970 साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले ते गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. त्या वेळी त्या भागात हजार अर्भकांमागे 176 मरत होती.

त्यांच्या कामातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यशाची नव्हे, पहिल्या अपयशाची आहे. खेड्यांतून आरोग्याचे काम करायला त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. शहरातली तरुण मुलगी खेड्यात एकटी राहायला बिचकायची. आणि राहिली तरी गावची बाळंतीण तिचे ऐकेना. लेकुरवाळी सासू म्हणायची, "हिला काय कळते, हिचे लग्न तरी झाले आहे काय?" मग गावांतूनच सूचना पुढे आली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवून तयार करा. अशा बाया निवडल्या गेल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एका गोधडीखाली निजायच्या, आणि शिकलेले गावी जाऊन सांगायच्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिने बाळंतिणीच्या बाजेशी बसून सांगायचे की चीक टाकू नको, बाळाला आत्ताच अंगाला लाव. पहिल्या दिवशी कुणी ऐकले नसेलच. पण तिच्या स्वतःच्या घरात नातू चीक पिऊन धडधाकट वाढलेला गावाने पाहिला की पुढच्या घरी तिला आपण होऊन बोलावणे येई. पुस्तकातले वाक्य आणि शेजारणीचे मूल यांत माणूस कशावर विश्वास ठेवतो, हे सांगायला मानसशास्त्र नको.

परिणाम आकड्यांत मोजला गेला आहे. पंचवीस वर्षांच्या आत तिथला अर्भकमृत्यू हजारी तिसाच्या खाली आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 साली या गावकरी आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलून आल्या. मेबलताई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. अर्भकमृत्यू एका दुधानेच कमी झाला असे कुणी म्हणू नये. विहिरी झाल्या, लशी झाल्या, मुलींची लग्ने थोडी उशिरा होऊ लागली. परंतु बाळंतिणीच्या शेजारी बसायला कुणीतरी आहे, आणि ती तिच्याच भाषेत बोलते, ही गोष्ट त्या सगळ्याच्या मुळाशी होती.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून काम मांडले. तिथे 39 गावांतून 'आरोग्यदूत' स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळाला ऊब, स्वच्छता, अंगावरचे दूध आणि जंतुदोष झाल्यास औषध मिळते की नाही हे पाहू लागल्या. तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि दिल्लीपर्यंत त्याची दखल घेतली गेली. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या. 2011 पासून बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाणे हे त्यांचे काम झाले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. बेचाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच की! आजीबाईंचा हिशोब सरकारी कागदावर आला, एवढेच.

दवाखान्यात बाळंत होण्याचे प्रमाण आता फार वाढले आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही वरचे. परंतु त्याच पाहणीप्रमाणे पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली मुले देशात 41.8 टक्के, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून थोडीशीच अधिक. म्हणजे दवाखाना आहे, डॉक्टर आहे, नर्स आहे, चीक टाकून द्या म्हणणारी सुईण नाही; तरीही सुमारे निम्म्या बाळांना तो पहिला तास मिळत नाही. खाट रिकामी करायची घाई, पोट चिरून झालेली बाळंतपणे, दोघीतिघींना पुरणारी एकच नर्स, अशी कारणे आहेत. वेळ हिरावणारे हात बदलले. वेळ हिरावला जातोच आहे.

आणि आता उसाच्या फडाकडे. हे मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण हे दुसऱ्या कुणाचे नसून आपले आहे. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून गेला, गढीला कारखाना उभा राहिला, तरी दसरा-दिवाळी झाली की आपल्याच गावांच्या वेशीवर मुकादमाच्या गाड्या लागतात. बीड जिल्ह्यातून काही लाख माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती चैत्राच्या आसपास परततात. या धंद्याचे मोजमाप 'कोयता' आहे. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल दोघांना मिळून दिलेली असते. बाई आजारी पडली, बाळंत झाली, बसून राहिली, तर जोडी मोडते, खाडा लागतो, आणि उचल फिटत नाही. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातली बाई फडात असते आणि ओली बाळंतीण कोपीतून उठून पुन्हा फडात जाते.

जरा घड्याळ लावून पाहू. तान्हे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. त्यातल्या पाच वेळा तरी दिवसाच्या कामाच्या वेळात येतात असे धरा. एकेका वेळेला वीस मिनिटे. म्हणजे दिवसाकाठी एक तास चाळीस मिनिटे. एवढाच वेळ! पण त्या वेळात तिच्या वाट्याच्या मोळ्या बांधायच्या राहतात, गाडी भरायची थांबते आणि नवऱ्याच्या तोंडचे शब्द ऐकावे लागतात. बाळ फडाच्या कडेला पाचटावर, ट्रॉलीच्या सावलीला नाहीतर झोळीत. त्याला सांभाळायला त्याचीच पाच-सहा वर्षांची बहीण. उन्हातून आलेल्या आईचे दूध 'तापलेले' असते, ते बाळाला बाधते, म्हणून पहिल्या धारा पिळून टाकणाऱ्या बायाही आहेत. मुंबईच्या गिरणीतली बाळागोळी गेली हे खरे. पण भोंगा गेलेला नाही, तो ट्रकच्या हॉर्नच्या रूपाने पहाटे तीनला वाजतो.

2019 साली याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. ते प्रकरण वेगळे व फार मोठे आहे, त्यात मी शिरत नाही. पण मूळ एकच आहे हे आपल्या लक्षात येईल: खाडा. पाळीचा खाडा परवडत नाही, बाळंतपणाचा परवडत नाही, पाजण्याचा तर हिशोबातच नाही. आपल्याच राज्याच्या विधानभवनातसुद्धा डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा कुठे हिरकणी कक्षाची चर्चा सुरू झाली. कायदे करणारीची ही कथा, तर कोयता धरणारीला कोण विचारतो?

आशाताईंचे वेळापत्रक मी वर सांगितले. आता असे समजा की उमापूरच्या किंवा चकलांब्याच्या एका बाईला मूल झाले कार्तिकात, कराडजवळच्या फडात. तिचे नाव, तिची वही, तिची आशा इथे. ती आणि बाळ तिथे. तिथल्या आशाच्या वहीत ती 'बाहेरची'. तिसरा दिवस, सातवा दिवस, चौदावा दिवस कोपीतच उगवतात आणि मावळतात. घरभेटींची ही योजना चांगली आहे. ती घर असलेल्या बाईसाठी आहे. 'घर' कुठले धरायचे, जिथे वही आहे ते की जिथे बाळ आहे ते, एवढे ठरवले तरी पुष्कळ होईल.

मार्ग सापडणारच नाही असे नव्हे. 1969 साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी बांधकाम चालू होते. तिथे मजूरबायांची पोरे मातीत लोळताना पाहून मीरा महादेवन यांनी बांधकामावरच पाळणाघर सुरू केले. बांधकाम हलले की पाळणाघरही हलायचे. तीन वर्षांनी ते काम मुंबईतही आले. 2005 च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने तर स्पष्ट लिहिले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर एका बाईला केवळ ती सांभाळण्यासाठी लावावे आणि तिला पूर्ण रोज द्यावा. रस्त्याच्या कामावर जे सरकारने मान्य केले ते फडावर कारखान्याने का मान्य करू नये? दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत पाच लहान मुले नसतील असे क्वचितच होते. टोळीबरोबर एखादी पोक्त बाई, जिला वाकून ऊस तोडवत नाही पण बाळंतिणीजवळ बसता येते, तिचा रोज धरून न्यावी. बाळ फडाजवळच सावलीत तिच्यापाशी राहील, रडले की तिने हाक मारावी आणि आईने वीस मिनिटे बसावे. ऊसतोडणीच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण शाळेत जायला मूल आधी सहा वर्षे जगावे लागते.

त्या बाईचा रोज कुणी द्यायचा, यावर भांडण होईल हे मला दिसते आहे. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवील, मुकादम उचलीकडे, आणि उचल शेवटी त्या जोडीच्याच मानेवर बसेल. 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात हेच भांडण झाले होते, आणि त्याचा निकाल तेव्हाही "तिच्या श्रमाचा लाभ कुणाला होतो" या एका प्रश्नावर लागला होता.

सध्या टोळ्या परत आल्या आहेत. गेल्या हंगामात फडात जन्मलेली बाळे आज आपल्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर आहेत. काही चार महिन्यांची, काही दोन. अजून त्यांच्या आईला सहा महिने पुरे व्हायचे आहेत, आणि पुढची उचल बहुधा दोन-तीन महिन्यांत घरात येईल. या सभेला आलेल्यांपैकी काहीजण कारखान्याच्या कामकाजाशी संबंधित आहेत, काहीजण ग्रामपंचायतीत आहेत, दोघेतिघे मुकादमही मला समोर दिसत आहेत. व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. त्यांच्याशी मला थोडे बोलायचे आहे.